परमुलखांतील सेवा आणि तिचीं लहान सुखें

परोपकारासाठीं देशांतर करणाऱ्या माणसांचीं चरित्रें लिहितांना आपल्याकडे एक ठराविक पद्धत पडून गेली आहे. प्रथम त्यागाचें वर्णन, मग हालअपेष्टांचें, मग मृत्यूचें, आणि शेवटीं दोन्ही देशांच्या कृतज्ञतेचें. या पद्धतींत खोटें असें कांहीं नसतें. परंतु तिच्यामुळें एक मोठी गोष्ट नजरेआड होते. केवळ त्यागाच्या बळावर कोणीहि मनुष्य परक्या मुलखांत चार चार वर्षें राहत नाहीं. बोटीवर पाय ठेवण्यापुरता त्याग पुरतो. त्यानंतर रोजची सकाळ उजाडते, रोज कांहीं तरी खावें लागतें, कोणाशीं तरी बोलावें लागतें, कशाला तरी हंसावें लागतें. त्या रोजच्या व्यवहारांत जर मनाला विसावा सांपडला नाहीं, तर अत्यंत उदात्त हेतूहि सहा महिन्यांत सुकून जातो. म्हणून सेवेच्या इतिहासांत लहान सुखांना एक प्रकरण असावयास पाहिजे, असें आमचें मत आहे. आणि तें प्रकरण एका परिचित उदाहरणावरून कसें लिहितां येईल, हें या लेखांत पाहावयाचें योजिलें आहे.

उदाहरण आम्हीं घेतलें आहे तें सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचें. त्यांचें नांव ऐकिलें नाहीं असें महाराष्ट्रीय घर क्वचितच असेल. १९४६ सालीं व्ही. शांताराम यांनीं काढलेल्या बोलपटानें तें नांव घरोघरीं नेलें. परंतु त्या बोलपटाचा प्रेक्षक डोळे पुसून बाहेर पडे, तो मनांत एकच भाव घेऊन: केवढें हें बलिदान! हा भाव योग्यच आहे. तथापि त्याचा एक दुष्परिणाम असा झाला कीं, कोटणीस हे आपल्यापासून फार दूर, फार उंच जाऊन बसले. ज्याला हुतात्मा म्हटलें त्याच्या ताटांत काय वाढलें जात होतें, त्याला शेजारीपाजारी कोणत्या नांवानें हांक मारीत, हें विचारण्याचा धीर आपल्याला उरत नाहीं. वास्तविक तो माणूस तेथें का राहिला याचें उत्तर याच किरकोळ प्रश्नांत दडलेलें आहे.

इतिहास पाहूं जातां, पीडितांच्या शुश्रूषेसाठीं हिंदी माणसांनीं पुढें होणें ही गोष्ट त्या काळीं अगदींच नवी नव्हती. १८९९ सालीं बोअर युद्धांत गांधीजींनीं नाताळमधील हिंदी लोकांचें शुश्रूषापथक उभें केलें, व त्यांत सुमारें ११०० माणसें होतीं. मात्र तीं तेथेंच वस्ती करून राहिलेलीं होतीं. १९१२ च्या अखेरीस बाल्कन युद्धांतील जखमी तुर्कांसाठीं डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचें वैद्यकीय पथक हिंदुस्थानांतून गेलें. परंतु आमच्या महाराष्ट्रीय मध्यम वर्गास समुद्रापलीकडची वाट ठाऊक झाली ती बहुतेक विद्येसाठीं आणि पदवीसाठीं. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, त्या तेथील वैद्यकविद्या आणून स्वदेशभगिनींच्या उपयोगीं पडावें म्हणून. त्यांच्यामागून जे बॅरिस्टर, सिव्हिलियन व डॉक्टर विलायतेस गेले त्यांचाहि हिशेब हाच कीं, तेथून कांहीं तरी घेऊन यावयाचें. आपल्याजवळ असेल तें घेऊन परक्याच्या दारीं जाणें, हा मनसुबा आमच्या घरांत विरळाच होता.

तो घडून आला तो असा. १९३७ सालीं जपाननें चीनवर मोठी चाल केली. चिनी आठव्या मार्ग सेनेचे सेनापति चू तेह यांनीं पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची मागणी केली. १९३८ सालीं काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनीं जून महिन्याच्या अखेरीस जनतेला आवाहन केलें आणि २२,००० रुपयांचा निधि गोळा झाला. पांच डॉक्टर निवडले गेले: अलाहाबादचे मदन अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे विजयकुमार बसू आणि देवेश मुकर्जी, व सोलापूरचे कोटणीस. अटल हे पथकाचे नायक. ते नुकतेच स्पेनमधील यादवी युद्धांत शुश्रूषेचें काम करून आले होते. पारतंत्र्यांत असलेल्या देशानें दुसऱ्या संकटग्रस्त देशास पाठविलेली ही मदत आकारानें लहान होती. पण ती कोणत्याहि सरकारनें पाठविली नव्हती, लोकांनीं वर्गणी करून पाठविली होती, हें तिचें वैशिष्ट्य होय.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें होतें, आणि पुढील उच्च परीक्षेची तयारी चालू होती. अशा वेळीं घरच्या माणसांनीं काय अपेक्षा केली असेल हें वाचकांस सांगावयास नको. मुलगा डॉक्टर झाला म्हणजे दवाखान्याची पाटी लागते, लग्न ठरतें, धाकट्या भावंडांचा भार हलका होतो. मध्यम स्थितींतील घराचें सारें गणित या एका पाटीवर उभें असतें. तें गणित बाजूस ठेवून सप्टेंबर १९३८ मध्यें हा सत्तावीस वर्षांचा तरुण मुंबईच्या धक्क्यावरून निघाला.

कँटनच्या धक्क्यावर सन यत्-सेन यांच्या विधवा पत्नी सूंग चिंग-लिंग या स्वतः स्वागतास आल्या होत्या. पुढें हांकौ. परंतु ज्या शहरीं पाऊल ठेवावें तें पाठोपाठ शत्रूच्या हातीं जावें, असा तो काळ होता. ऑक्टोबर संपण्यापूर्वींच कँटन आणि हांकौ हीं दोन्ही पडलीं, आणि हें पथक यांग्त्सेच्या वरच्या अंगाला, राजधानी झालेल्या चुंगकिंग शहरीं जाऊन थांबलें. या धांवपळींत सुख कसलें, असें कोणी विचारील. पण पहिलें सुख याच शहरांत त्यांच्या पदरीं पडलें, आणि तें होतें नवीन नांवाचें.

शांतिनिकेतनच्या चीनभवनाचे प्रमुख तान युन-शान त्या वेळीं चुंगकिंगमध्यें होते. त्यांनीं या पांचही डॉक्टरांस चिनी नांवें दिलीं. प्रत्येकाच्या मूळ नांवांतील एखादा ध्वनि घ्यावयाचा आणि शेवटीं ‘हुआ’ हें अक्षर जोडावयाचें, असा प्रकार होता. हुआ हा खुद्द चीन देशाचा वाचक शब्द आहे. कोटणीसांचे झाले के दिहुआ. आमच्या वाचक भगिनींना याचा अर्थ विशेष लवकर उमगेल. लग्नाच्या दिवशीं तांदळांत नवें नांव लिहितात, आणि त्या क्षणापासून मुलगी सासरच्या घरांत पाहुणी राहत नाहीं. त्या घरांत तिला कष्ट पडतील, दुखावलें जाईल, तरी हांक मारली म्हणजे ती तिलाच मारलेली असते. या पांच जणांना परक्या देशानें असेंच एक नांव दिलें, आणि त्या नांवाच्या शेवटीं आपलेंच नांव लिहून ठेविलें. त्यांत खर्च कांहींच नव्हता. पण परमुलखांत गेलेल्या माणसाला जें सर्वांत आधीं हरवल्यासारखें वाटतें, तें त्यानें परत मिळालें.

त्याच शहरीं कोटणीसांना वडील वारल्याची बातमी कळली. परत जा, असें सहकाऱ्यांनीं सुचविलें. त्यांनीं पुढें जाण्याचें ठरविलें. या प्रसंगाचें वर्णन आम्ही लांबवीत नाहीं. ज्याच्या घरीं असा दिवस आला आहे त्याला तें नको, आणि ज्याच्या घरीं आलेला नाहीं त्याला तें कळणार नाहीं. एवढेंच लक्षांत ठेवावें कीं, पुढें ज्या लहान सुखांचें आम्ही वर्णन करणार आहोंत, त्या सर्वांच्या तळाशीं हें दुःख होतें. सुख झालें म्हणून दुःख नाहींसें झालें असें नव्हे. तें सोसण्यापुरतें हलकें झालें.

फेब्रुवारी १९३९ मध्यें हें पथक येनान येथें पोहोंचलें. उत्तर चीनमधील तो भाग पिवळ्या मातीचा आहे. वाऱ्यानें हजारों वर्षें वाहून आणलेली ती बारीक माती इतकी खोल साठली आहे कीं, डोंगरच्या डोंगर तिचेच बनले आहेत. आणि ती इतकी चिवट कीं, उभी कापली तरी ढासळत नाहीं. त्या डोंगरांच्या कुशींत गुहा कोरून लोक राहतात. पुढच्या बाजूला कमानदार दार, लांकडी जाळीची खिडकी, व जाळीला कांचेऐवजीं कागद. थंडींत आंतली ऊब टिकते, उन्हाळ्यांत गारवा टिकतो. जपानी विमानांनीं येनान शहरावर बॉम्ब टाकल्यावर शहर बहुतेक या गुहांतच राहूं लागलें होतें. इस्पितळें गुहांत, शाळा गुहांत. दख्खनच्या माणसाला गुहा म्हणजे लेणें, म्हणजे देव किंवा भिक्षु. येथें गुहेंत चूल पेटत होती आणि दोरीवर कपडे वाळत होते. कार्ले-भाज्यांच्या मुलखांतून आलेल्या माणसाला स्वतःच एका लेण्याचा रहिवासी होऊन सकाळीं कागदी खिडकींतून येणारें दुधट ऊन पाहण्यांत जी मौज वाटेल, ती राजवाड्यांतील पाहुण्याला वाटणार नाहीं.

जेवणाची गोष्ट तर त्याहून घरगुती. उत्तर चीनच्या या भागांत भात दुर्मिळ. तेथील रोजचें अन्न म्हणजे ज्याला चिनी लोक ‘श्याओ-मी’, म्हणजे बारीक तांदूळ, असें म्हणतात तें धान्य. हें धान्य म्हणजे आमचे राळेच होत. आमच्याकडे राळ्याचा भात हें गरिबाघरचें किंवा एखाद्या व्रताचें अन्न म्हणून वृद्ध माणसांच्या आठवणींत उरलें आहे. तेथें त्याच राळ्याची पातळ पेज सैनिकालाहि, डॉक्टरालाहि, सेनापतीलाहि. डोंगराळ भागांत लाल बोरांचीं झाडें सर्वत्र. तीं बोरें सुकवून वर्षभर खातात. बोर हें फळ सोलापूर-पंढरपूरच्या कोरडवाहू रानांतल्या पोराला ओळखावें लागत नाहीं. सहस्र कोसांवर जाऊन राळे आणि बोरें समोर यावीं, आणि तीं वाढणाऱ्याला आपण कोठून आलों हें ठाऊकहि नसावें, यासारखी गंमत प्रवासांत दुसरी नाहीं.

दुसरी एक चाल सांगण्यासारखी आहे. चीनमध्यें पाहुणा आला म्हणजे त्याच्यापुढें प्रथम उकळलेलें पाणी येतें. चहाची पत्ती असली तर चहा, नसली तर नुसतें ऊन पाणी. आमच्या खेड्यांत गूळपाणी देतात, त्यासारखाच हा आदर. गरिबी कितीहि असो, ऊन पाण्याचा पेला चुकत नाहीं. वैद्याच्या दृष्टीनें ही चाल किती हिताची आहे हें तर उघडच आहे. परंतु दिवसभर चालून थकलेल्या माणसाच्या हातीं परक्या बाईनें वाफाळलेला पेला ठेवला, म्हणजे त्यांत वैद्यकशास्त्र कितीसें आठवणार!

आतां भाषेविषयीं. चिनी भाषेंत एकच उच्चार स्वर बदलला म्हणजे दुसरा शब्द होतो. ‘मा’ म्हणतांना सूर सपाट ठेविला तर आई, खालीं नेऊन वर आणला तर घोडा. नवशिक्याच्या तोंडीं यांतून कोणते अनर्थ होत असतील याची कल्पना वाचकांनीं करावी. परंतु भाषा शिकण्याचा मार्ग हास्यास्पद होण्यांतूनच जातो, आणि ज्याला आपल्यावर हंसलेलें सोसतें त्यालाच ती लवकर येते. कोटणीसांना ती अशी आली कीं, पुढें ते चिनी भाषेंत व्याख्यानें देऊं लागले, तिच्यांत वाचूं-लिहूं लागले. पदवीधर माणूस परक्या गांवीं एकदम मुका होतो, बाळासारखा बोटानें वस्तु दाखवूं लागतो; त्याची सारी विद्या गळ्याशीं अडकते. त्यानंतर एके दिवशीं एखाद्या रोग्यानें आपलें दुखणें सांगावें आणि मध्यें कोणी दुभाष्या न घेतां तें कळावें, हा आनंद मोठा आहे. औषध दोन्ही वेळां तेंच असतें. पण दुसऱ्या वेळीं तें देणारा माणूस रोग्याला भेटलेला असतो.

हीं सुखें सर्वांच्या वांट्याला सारखीं आलीं नाहींत, हेंहि सांगितलें पाहिजे. चोळकर आणि मुकर्जी यांस प्रकृतीच्या कारणानें १९३९ मध्येंच परतावें लागलें. अटल यांसहि १९४० मध्यें आजारामुळें परतावें लागलें. जो परत आला तो कमी मोलाचा, असें मानण्याची प्रवृत्ति चरित्रलेखकांत असते, ती आम्हांस अन्यायाची वाटते. सेवेला मन लागतें तसेंच पोटहि लागतें, कातडी लागते, झोप लागते. शरीरानें साथ सोडली तर त्यांत मनाचा दोष नाहीं. शेवटीं बसू आणि कोटणीस असे दोघेच उरले.

१९३९ च्या अखेरीस आघाडीकडे निघून हे लोक ताइहांग पर्वतांच्या मुलखांत गेले, आणि १९४० च्या उन्हाळ्यांत शत्रूच्या पिछाडीस असलेल्या चिनी ठाण्यांत पोहोंचले. तेथें त्यांच्या आधीं एक परदेशस्थ डॉक्टर काम करून गेला होता. कॅनडाचे नॉर्मन बेथ्यून हे शस्त्रवैद्य १९३८ मध्यें तेथें आले; शस्त्रक्रिया करतांना बोट कापलें, रक्तांत विष भिनलें, आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं ते वारले. त्यांच्या समाधीचें अनावरण जून १९४० मध्यें झालें त्या वेळीं कोटणीस व बसू उपस्थित होते. ज्या वाटेनें आपण चाललों आहोंत तिचा शेवट कोठें होऊं शकतो, हें त्या दिवशीं त्यांच्या डोळ्यांसमोर दगडांत बांधलेलें होतें.

त्याच वर्षीं ‘शंभर पलटणींची मोहीम’ या नांवानें प्रसिद्ध असलेलें युद्ध झालें. तेरा दिवसांत आठशेंहून अधिक जखमी त्यांच्याकडे आले. बहात्तर तास विश्रांति न घेतां त्यांनीं शस्त्रक्रिया केल्याचें सांगतात. खेड्यांतील देवळें आणि शेतकऱ्यांचीं घरें हेंच इस्पितळ. औषधें नेहमींच तुटपुंजीं. हें सारें चरित्रांत ठळक अक्षरांत येतें. आम्हांस त्यांत भर घालावयाची नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें हें कीं, अशा तेरा दिवसांनंतर जे शेंकडों साधे दिवस येत, त्यांत या माणसाला आणखी एक सुख लाभलें, आणि तें म्हणजे शिकविण्याचें.

बेथ्यून यांच्या नांवानें चालणाऱ्या वैद्यकीय शाळेंत कोटणीस शिक्षक झाले, आणि जानेवारी १९४१ मध्यें बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे पहिले संचालक. विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांचीं मुलें; कित्येकांचें शालेय शिक्षणहि अपुरें. त्यांना शरीररचना शिकवावयाची, जंतु म्हणजे काय तें सांगावयाचें, आणि हें सर्व चिनी भाषेंत. पाठ्यपुस्तकें नव्हतीं, तेव्हां त्यांनीं शस्त्रक्रियेच्या सामान्य तत्त्वांवर एक पुस्तक चिनी भाषेंत तयार केलें, आणि दुसरें लिहावयास घेतलें. जो स्वतः दोन वर्षांपूर्वीं मुलासारखा उच्चार शिकत होता तो आतां त्याच भाषेंत ग्रंथ लिहीत होता! शिक्षकाचा धंदा केलेल्या वाचकांना ठाऊक आहे कीं, एखाद्या मंद दिसणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत एकाएकीं उजेड पडतो तो क्षण पगाराच्या हिशेबांत येत नाहीं, पण माणूस वर्षानुवर्षें शाळेंत टिकतो तो त्याच क्षणासाठीं. जखमी बरा होऊन निघून जातो, किंवा मरतो. विद्यार्थी मात्र आपलें काम पुढें घेऊन जातो.

लोक त्यांना ‘लाओ के’ म्हणत. लाओ म्हणजे म्हातारा. परंतु चीनमध्यें हें सलगीचें आणि मानाचें संबोधन आहे, जसें आपण तरण्याताठ्या माणसालाहि ‘अहो बुवा’ म्हणतों. जखमी शिपायांनीं त्यांना आणखी एक नांव दिलें होतें, त्याचा अर्थ ‘काळी आई’ असा होतो. रंगावरून ठेविलेलें नांव पुष्कळदां बोंचतें; पण ज्या नांवांत काळेपणाशेजारीं आईपण ठेविलें आहे तें कोणाला बोंचेल? आम्हां वारकऱ्यांच्या मुलखांतील माणसांना तर असें नांव परकें वाटूं नये; काळ्या विठ्ठलाला ‘विठाई’ म्हणून हांक मारण्यांत आमच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या आहेत. पंढरपूर ज्या जिल्ह्यांत आहे त्याच जिल्ह्याच्या पुत्राला चीनच्या डोंगरांत निरक्षर शिपायांनीं तेंच नातें लावावें, हा योगायोग खरा, पण मोठा गोड योगायोग आहे.

या सुखांचें चित्र रंगवितांना दुसरी बाजू झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. १९४१-४२ मध्यें त्या मुलखांत जपान्यांचे हल्ले वाढले, पिकें जळलीं, अन्नाचा दुष्काळ पडला. सैनिक झाडांचा पाला खाऊं लागले. १९४२ च्या आरंभीं तेथील सेनानी न्ये रुंगचेन यांनीं असा हुकूम काढला कीं, गांवांजवळील झाडांचा पाला सैन्यानें तोडूं नये, तो गांवकऱ्यांसाठीं ठेवावा. पाल्याचीहि वांटणी करावी लागली असा तो काळ. १८७६-७७ चा दुष्काळ ज्या जिल्ह्याच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टींत पिढ्यान् पिढ्या राहिला, तेथून आलेल्या माणसाला या हुकुमाचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल.

येथें एक आक्षेप संभवतो. ज्या मुलखांत माणसें पाला खात होतीं आणि रोज जखमी मरत होते, तेथें आलेल्या पाहुण्याच्या सुखांची गणना करणें हें औचित्याला सोडून नाहीं काय? आक्षेप वजनदार आहे, आणि त्याला उत्तर देतां आलें नाहीं तर हा लेख लिहूंच नये. आमचें उत्तर असें. परदेशांत सेवेस जाणाऱ्यांचीं सुखें दोन प्रकारचीं असतात. एक प्रकार यजमानाला न मिळणाऱ्या गोष्टींचा: वेगळी शिधासामग्री, वेगळा बंगला, आणि आपण उपकार करीत आहोंत ही गोड जाणीव. दुसरा प्रकार यजमानापाशीं असलेल्याच गोष्टींचा: त्याच्याच पातेल्यांतली पेज, त्याचीच भाषा, त्याचाच विनोद. पहिल्या प्रकारच्या सुखानें सेवकाची आणि सेव्याची ताटातूट होते. दुसऱ्या प्रकारानें ते एका पंक्तीला बसतात. कोटणीसांचीं सुखें दुसऱ्या प्रकारचीं होतीं. तीं भोगतांना त्यांनीं कोणाच्या वांट्याचें घेतलें नाहीं. उलट, ज्यांच्यापाशीं देण्यासारखें दुसरें कांहीं उरलें नव्हतें, त्या गरीब गांवकऱ्यांना ‘आपणहि याला कांहीं देत आहों’ हें समाधान मिळालें. ज्याच्याकडून कांहींच घेतलें जात नाहीं, त्याला मदत करणाराहि अखेर जड वाटूं लागतो.

२५ नोव्हेंबर १९४१ रोजीं कोटणीसांचा विवाह क्वो चिंगलान् यांच्याशीं झाला. त्या त्याच शाळेंत शुश्रूषा शिकवीत असत. ऑगस्ट १९४२ मध्यें त्यांना मुलगा झाला. त्याचें नांव ठेविलें यिनहुआ: यिन म्हणजे हिंदुस्थान, आणि हुआ म्हणजे चीन. चुंगकिंगमध्यें पित्याला मिळालेलें अक्षर मुलाच्या नांवांत आलें, आणि त्याच्याशेजारीं या वेळीं पित्याचा देश येऊन बसला. नांव सुचविलें तें न्ये रुंगचेन यांनीं, असें सांगतात; पाल्याची वांटणी करणाऱ्या सेनानीला बारशासाठींहि वेळ सांपडला, हें त्या काळाविषयीं पुष्कळ सांगून जातें.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगूं. अपस्माराचे झटके येऊं लागले होते, तरी काम थांबलें नाहीं. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, तांग परगण्यांतील गेगोंग या खेड्यांत, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं कोटणीस वारले. दुसरें पुस्तक अपुरें राहिलें. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

डॉ. बसू १९४३ मध्यें मायदेशीं परतले. पुढें त्यांनीं चीनमध्यें पुन्हां जाऊन सुया टोचून रोग बरे करण्याची तेथील प्राचीन विद्या शिकून घेतली आणि ती हिंदुस्थानांत आणिली. द्यावयास गेलेला माणूस अखेर घेऊनहि आला. यिनहुआ वैद्यकीचें शिक्षण घेत असतांना १९६७ सालीं ऐन तारुण्यांत वारला. मध्यंतरी १९६२ सालीं दोन्ही देशांत युद्ध झालें, आणि ज्या मैत्रीचीं गाणीं गाइलीं जात होतीं ती एका हिंवाळ्यांत गोठून गेली. परंतु क्वो चिंगलान् यांचें सोलापूर-मुंबईकडील आप्तांशीं असलेलें नातें तुटलें नाहीं; २०१२ सालीं त्यांचा अंत होईपर्यंत त्या या घरच्या सूनच राहिल्या. चिनी पाहुणे मुंबईस आले म्हणजे कोटणीसांच्या घरच्यांना भेटत, आणि सोलापुरांत त्यांच्या घरीं स्मारक झालें आहे. राज्यांमधील करार शाईनें लिहिलेले असतात, तें पाण्यानें पुसतें. या कुटुंबांतील नातें कशानें लिहिलें होतें हें आम्हीं वर सांगितलेंच आहे: एका नांवानें, पेजेच्या वाटीनें आणि कष्टानें शिकलेल्या भाषेनें.

आज आमच्या कितीतरी घरांतील मुलेंमुली परदेशीं आहेत. बहुतेक नोकरीसाठीं वा शिक्षणासाठीं; पण कांहीं जण एखाद्या आफ्रिकन खेड्यांत शिकविण्यासाठीं, भूकंपानंतरच्या छावणींत औषधें वाटण्यासाठींहि जातात. त्यांच्या आईबापांना आमचें एक सांगणें आहे. मुलाचा निरोप आला म्हणजे ‘प्रकृति बरी आहे ना, परत केव्हां येणार’ एवढेंच विचारूं नये. तेथें लोक काय खातात, तुला ते कोणत्या नांवानें हांक मारतात, त्यांच्या भाषेंतला कोणता शब्द चुकून तूं हंसें करून घेतलेंस, हें अवश्य विचारावें. उत्तरादाखल जर लांब पत्र आलें, आणि त्यांत शेजारच्या म्हातारीनें दिलेल्या भाकरीचें वर्णन असलें, तर समजावें कीं मुलगा तेथें टिकेल व त्याच्या हातून कांहीं काम होईल. आणि पत्रांत नुसतीच कर्तव्याची भाषा असली, तर त्याला एक दोन आठवडे घरीं बोलवावें; तो थकला आहे.